दूध गढूळ असतं का?

पंचवटीकर: लेकीच्या प्रकल्पाचं मराठी करतोय. ‘टर्बिडिटी’ला गढूळपणा लिहिलं. पुरातलं रामकुंड पाहिलेल्याला तो समजवावा लागत नाही. पण पुढे ‘टर्बिड मीडिया’ म्हणून दूध, धुकं आणि माणसाची कातडी एकाच रांगेत! दुधाला गढूळ लिहिलं तर घरात चहा मिळायचा नाही.

सिडकोची मावशी: ‘अपारदर्शक’ लिहा की.

तुरटी: मावशी, अपारदर्शक म्हणजे भिंत. दुधातून उजेड जातो, फक्त वाट सोडून भरकटत जातो. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांना लावून बघा. बोटं लाल उजळतात, हाडं मात्र दिसत नाहीत. बोटात अडकवायचा ऑक्सिमीटर याच उजेडावर चालतो. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४०चा अवरक्त, दोन्ही किती शोषले गेले ते ताडून रक्तातला ऑक्सिजन काढतो.

मी पाणी तपासायचो. आमचं यंत्र काटकोनात फेकला गेलेला उजेड मोजायचं, गढूळपणाचं एकक एनटीयू. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात मर्यादा १, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. गंमत म्हणजे नमुना फारच दाट असला तर उजेड आतल्या आतच इतका घोटाळतो की आकडा वाढायच्या ऐवजी घसरतो. म्हणून आधी पातळ करायचं, मग मोजायचं.

निवळी: ‘गढूळ’ इथे बसत नाही याचं कारण त्याच्या जोडीदारात आहे. गढूळ ते निवळतं. तुरटी फिरवा, गाळ तळाला जातो. दूध ठेवून निवळत नाही, नासतं! (मचूळही नको, ती चव झाली.)

पंचवटीकर: आणि ‘स्कॅटरिंग’, म्हणजे उजेडाचं हे भरकटणं? शाळेच्या पुस्तकात विकिरण आहे.

निवळी: बरोबर आहे, पण हिंदी पुस्तक शेजारी असेल तर जपून. तिकडे विकिरण म्हणजे रेडिएशन, आपलं प्रारण. विखुरण्याला ते प्रकीर्णन म्हणतात. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण सगळे ‘कॄ’ धातूचे, म्हणजे विखुरणे, फेकणे. मी तर सरळ ‘प्रकाश विखुरणारी माध्यमं’ लिहीन. लांब आहे, पण कातडीलाही चालतं.

तुरटी: दुधी काच म्हणतोच की आपण. ‘दुधी माध्यम’ का नको?

पंचवटीकर: लेकीला आवडलं. लिहूनही टाकलं तिने.

सिडकोची मावशी: मला आपला भोपळाच आठवतोय.