मॅराडोनाच्या नावानं चषक चालतो, मग माझ्या भावाचं नाव का नको?

पेठेतला_बॅक:
कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमच्याकडं फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात. आमची गल्ली अर्जेंटिनाची. १९८६ ची इंग्लंडविरुद्धची मॅच मी थोरल्या भावाबरोबर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितली. मॅराडोनाचा एक गोल हातानं, आणि चारच मिनिटांनी निम्मी टीम कापत नेलेला दुसरा. २५ नोव्हेंबर २०२० ला मॅराडोना गेला तेव्हा मी ढसाढसा रडलो.

यंदा तालमीची, म्हणजे आमच्या पेठेतल्या मंडळाची, पोरं लहान मुलांची स्पर्धा घ्यायलीत, मॅराडोना स्मृतिचषक. मी म्हटलं, उत्कृष्ट बचावपटूचं बक्षीस थोरल्याच्या नावानं द्या, पैसे मी घालतो. थोरला शाहू स्टेडियमवर स्टॉपर खेळायचा. गुडघा फुटला की वर माती चोळून परत उभा. पुढं दारूत अडकला, लिव्हर गेलं, संपला. बैठकीत एकजण म्हणाला, "लहान पोरांच्या स्पर्धेला दारुड्याचं नाव कसं लावायचं?" आणि त्याच्या पाठीमागं फ्लेक्सवर कोण? १९९१ ला कोकेनपायी पंधरा महिन्यांची बंदी आणि १९९४ ला एफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं म्हणून वर्ल्ड कपमधून बाहेर, तो!

मॅराडोनाचं नाव काढा असं माझं म्हणणं नाही. त्याच्यावरची माया कमी होत नाही, हीच तर पंचाईत आहे. वर्गणी द्यावी का?

ऑफसाइड:
भावा, वाईट वाटलं वाचून, पण तुलना जमत नाही. इटलीतल्या नेपल्सच्या नापोली क्लबला त्यानं १९८७ आणि १९९० ला लीग जिंकून दिली, म्हणून त्या शहरानं स्टेडियमला त्याचं नाव दिलं. मान खेळाचा. २००१ च्या निरोपाच्या सामन्यात तोच म्हणाला होता, मी चुकलो, किंमत मोजली, पण चेंडूला डाग लागत नाही.

सुलभामावशी:
चेंडूला नसेल लागत. नेपल्समधल्या त्याच्या मुलाला कोर्टानं १९९३ मध्ये बाप मिळवून दिला, बापानं चारचौघांत कबूल करायला २०१६ उजाडलं. तो गेल्यावर स्पेनमध्ये पाउला दापेना नावाची फुटबॉल खेळाडू, बायकांशी तो जसा वागला त्याचा निषेध म्हणून, श्रद्धांजलीच्या वेळी पाठ फिरवून खाली बसली, तर तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. नवऱ्याची पिण्याची वर्षं मी काढली आहेत, मला ती मुलगी कळते. तुमच्या भावाच्या खेळाबद्दल शंका नाही. पण वहिनींना विचारलंत का?

फक्त_आजचा_दिवस:
मी पिणारा, सध्या बंद आहे. मॅराडोना नशेत मेला असं सर्रास लिहितात, म्हणून सांगतो: तपासणीत दारूही सापडली नाही आणि कोकेनही नाही. हृदय थकलं होतं. क्यूबात जाऊन उपचार घेतले, पुन्हा घसरला, पुन्हा उठला. आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगमध्ये असे निम्मे बसलेले असतात.

आणि मान कुणाला, हे विचारताच आहात तर, तो वर्ल्ड कप जून १९८६ चा. त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. सुनंदा अवचटांनी गर्दच्या नशेत अडकलेल्या पोरांसाठी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यांच्या नावाचा चषक एखाद्या तालमीनं ठेवलेला मी तरी ऐकला नाही. बाकी 'दारुड्या' म्हणणाऱ्या त्या कार्यकर्त्याला विचारा, फायनल झाल्यावर सगळे 'बसायला' कुठं जातात?

पेठेतला_बॅक:
शेवटचा प्रश्न बैठकीत विचारला असता तर मारामारीच झाली असती :)

मावशी, वहिनीला काल विचारलं. भांडी घासत होती, हात न थांबवता म्हणाली, "नाव नको भावजी. पोरगा त्याच स्पर्धेत खेळणार हाय. माईकवर नाव पुकारलं की मागनं कोणतरी हसणार, आणि ते त्याला ऐकू जाणार." मला हे सुचलंच नव्हतं. बक्षिसाचा विषय मागं घेतला. वर्गणीचं पावती पुस्तक घेऊन पोरं रविवारी येणार आहेत, बघू.