साडेनऊ तास ‘नुसती बोलणारी माणसं’?

रीळवाला: ‘शिंडलर्स लिस्ट तीन तासांत सगळं दाखवतो, शोआत साडेनऊ तास म्हातारी माणसं नुसती बोलतात’ हे इथंच काल वाचलं आणि डोकं फिरलं. दोन्ही नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचे; पहिला स्पीलबर्गचा सिनेमा, दुसरा क्लोद लान्झमनचा मुलाखतींचा माहितीपट. सगळं म्हणजे काय? स्पीलबर्गच्या ऑश्वित्झ छावणीत बायकांच्या अंगावर गॅसऐवजी शेवटी पाणीच पडतं, प्रेक्षक सुटला म्हणतो. ज्यांच्यावर पाणी पडलं नाही त्यांचं कोण सांगणार? लान्झमननं जुन्या फितीचा एक तुकडा वापरला नाही, तो याचसाठी.

नववी_ब: सर, वर्गात या. हिटलर ‘शिस्तीचा माणूस’ म्हणणारी पोरं दरवर्षी असतात. त्यांना साडेनऊ तास कोण बसवणार? शिंडलर्समधली लाल कोटातली मुलगी प्रेतांच्या गाडीवर दिसली तेव्हा माझा वर्ग चिडीचूप झाला होता. आणि त्याच सिनेमानंतर, १९९४ साली, स्पीलबर्गनं संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवणारी संस्था काढली. ५० हजारांहून जास्त साक्षी आहेत तिथं.

कॅम्पातली_सून: साक्षीचं एवढं कौतुक, मग शोआतल्या अब्राहम बोम्बाचं बोला. ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत, गॅसनं मारण्याआधी बायकांचे केस कापायला लावलेला न्हावी. निवृत्त झालेल्या माणसाला तेल अवीवमध्ये भाड्याच्या दुकानात कात्री देऊन उभं केलं. तिथल्याच एका न्हावी मित्राची बायको आणि बहीण गॅसच्या खोलीत आल्या, इथवर सांगून त्याचा आवाजच बंद झाला. नको म्हणतोय, तरी लान्झमन ‘सांगायलाच हवं’ म्हणून मागे! माझ्या सासूबाई सिंधमधून उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या. नणंदेनं मोबाइल धरून खोदखोदून विचारलं. पुढं कित्येक रात्री त्या दिवा लावून बसायच्या. हा हक्क दिला कुणी?

रीळवाला: घरातलं बोलणं वेगळं. इथं संहार झालाच नाही म्हणून नाकारणारे टपून बसले होते.

कॅम्पातली_सून: नाकारणाऱ्यांचं ओझं बोम्बानं का वाहायचं?

मेकाँगकाठ: जोर लावायचा तर खुन्यांवर लावा. कंबोडियाच्या रिथी पान्हनं २००३ च्या ‘एस-२१’ माहितीपटात तुओल स्लेंग या ख्मेर रूजच्या छळतुरुंगाच्या जुन्या पहारेकऱ्याला रिकाम्या खोलीत उभं केलं. तो नसलेल्या कैद्यांवर खेकसतो, दाराला कडी घालतो. हात काही विसरलेले नाहीत. आणि प्रश्न विचारतो कोण? तिथून वाचलेला चित्रकार वान्न नाथ.

रीळवाला: लान्झमननंही सुकोमेलला छुप्या कॅमेऱ्यानं टिपलं. ट्रेब्लिंकाचा एसएसवाला, म्हणजे नाझी दलातला, छावणीचं गाणं म्हणून दाखवतो.

कॅम्पातली_सून: ते चालेल मला. बोम्बा पुन्हा बोलायला लागतो हेही मान्य, पाहिलंय मी. पण मधल्या त्या मिनिटांसाठी लान्झमनला माफी नाही.

नववी_ब: बोम्बाचा भाग यंदा दाखवीन. शिंडलर्सनंतर, आधी नाही.

रीळवाला: दाखवा. पण ती मिनिटं कापू नका.