जुन्या शर्टाचा अभ्रा धुतल्यावर वाकडा का झाला? जुन्या कपड्यांपासून शिवायला कोणत्या कपड्याने सुरुवात करावी?

कच्चाटाका (प्रश्न)

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी मी शिलाई मशीन घेतले. सरळ टीप, झिगझॅग आणि बटण लावणे एवढे आता बऱ्यापैकी जमते. नवे कापड आणून त्यावर कात्री चालवण्याचे धाडस अजून होत नाही, म्हणून कपाटात पडून असलेल्या कपड्यांवरच हात बसवावा असे ठरवले आहे. माझ्याकडे पूर्ण बाह्यांचे सहा सुती शर्ट आहेत, त्यांपैकी दोन शर्टांच्या कॉलर घडीवर विरल्या आहेत. शिवाय दोन जीन्स, बरेच टीशर्ट आणि मधोमध झिरझिरीत झालेली एक मोठी चादर आहे.

आतापर्यंत दोन वस्तू केल्या आणि दोन्ही फसल्या. पहिला उशीचा अभ्रा. शर्टाच्या बाजूची शिवण ही सरळ रेघ धरून मी तिच्या आधाराने पाठीचा चौकोन आखला व कापला. शिवून झाल्यावर अभ्रा नीट दिसत होता, परंतु पहिल्या धुण्यानंतर त्याचा एक कोपरा ओढल्यासारखा झाला आणि इस्त्री करूनही तो जागेवर आला नाही. दुसरी टीशर्टची पिशवी. तिची टीप मध्ये मध्ये टाके सोडत होती, कडेला लाटा आल्या आणि पिशवीत चार पुस्तके ठेवताच तळाची शिवण तटकन तुटली.

या दोन्हींत नेमके काय चुकले, यांतला कोणता कपडा आधी हाती घ्यावा आणि कॉलर विरलेला शर्ट पुन्हा घालण्याजोगा करता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ते दोन शर्ट टाकून देण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

उरेबपट्टी

अभ्र्याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे. मागावर विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात असतात. त्या धाग्यांना धरून कापलेला तुकडा धुतल्यावरही आकार राखतो. धाग्याला तिरके कापले की कापड ताणले जाते; ४५ अंशांत कापलेली उरेब पट्टी गळ्याच्या वळणावर इतकी सहज बसते ती याच गुणामुळे. शर्टाच्या बाजूची शिवण अंगाच्या घडणीप्रमाणे कमरेत आत घेतलेली किंवा खाली पसरत गेलेली असते, म्हणजे ती उभ्या धाग्याला समांतर नसते. तुम्ही तिच्या आधाराने आखले, त्यामुळे अख्खा चौकोन किंचित तिरका कापला गेला.

शर्टात भरवशाची सरळ रेघ असते ती बटणपट्टीची, कारण ती उभ्या धाग्यावर बेतलेली असते. पाठीच्या भागासाठी कापलेल्या कडेचा एकच धागा सुईच्या टोकाने उचलून हलकेच ओढत न्यावा. त्याच्या मागे जी बारीक रेघ उमटते ती खडूने गिरवावी आणि त्यावरच कापावे. बाहीत उभा धागा खांद्याकडून मनगटाकडे जातो. खांद्यावरचा जोडतुकडा मात्र पुष्कळदा आडव्या दिशेने कापलेला असतो, म्हणून पाठीचा तुकडा काढताना त्याला सोबत घेऊ नये.

आता पुन्हा अभ्राच करा, पण बटणपट्टी कापून टाकू नका. शर्टाची सगळी बटणे लावा आणि समोरच्या दोन्ही बाजू मिळून एक तुकडा समजा. उशी ४० सेंटिमीटर चौरस असेल तर बटणपट्टी मधोमध ठेवून ४२ सेंटिमीटरचा चौकोन आखा, म्हणजे चारही बाजूंना १ सेंटिमीटर मार्जिन मिळते. आखताना वरच्या आणि खालच्या शिवणीपासून जवळचे बटण निदान २ सेंटिमीटर लांब राहील असे पाहा, नाहीतर ते मशीनच्या फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या भागाखाली, येते आणि सुई मोडते. कापण्यापूर्वी पट्टीच्या दोन्ही टोकांना आडवी टीप मारून घ्या, म्हणजे कापल्यावर पट्टीचे पदर सुटत नाहीत. पाठीचा तुकडाही ४२ सेंटिमीटरचाच. दोन्ही सुलट बाजू आत ठेवून, आणि आधी दोन बटणे उघडी ठेवून, चारही बाजू शिवा. नाहीतर अभ्रा उलटवायला जागाच राहणार नाही. झिप नको, काजे करायला नकोत. जुन्या कपड्याचे मोल मला यातच सर्वांत अधिक वाटते. जे काम नवशिक्याला अवघड जाते ते एका सराईत हाताने त्यात आधीच करून ठेवलेले असते. म्हणून कात्री उचलण्यापूर्वी त्या कपड्यात काय काय तयार आहे हे पाच मिनिटे शांतपणे पाहावे.

चादरीबद्दलही सांगतो. ती खिडकीच्या प्रकाशासमोर धरा आणि जिथून उजेड मोकळा आरपार येतो तो भाग खडूने आखा. चादर मध्ये झिजते, कडांना ती जवळजवळ नवी राहते. विरलेला उभा पट्टा काढून टाका, उरलेल्या दोन भागांच्या बाहेरच्या चांगल्या कडा मध्यभागी आणून जोडा आणि कापलेल्या बाजूंना दुमड घाला. समजा चादर २२५ सेंटिमीटर रुंद आहे आणि ४० सेंटिमीटरचा पट्टा गेला, तर जोड आणि दुमड धरून साधारण १८० सेंटिमीटर उरते. बाहेरच्या कडा विणतानाच बंद झालेल्या असतील तर त्या उसवत नाहीत, त्यामुळे एक कड दुसरीवर १ सेंटिमीटर चढवून दोन समांतर टिपा माराव्यात. असा जोड सपाट राहतो आणि झोपताना पाठीला टोचत नाही. अडीच मीटरच्या दोन सरळ टिपा मारताना हातही स्थिर होतो.

होजिअरी_प्रेमी

टीशर्टबद्दल मी लिहिते, कारण माझी सारी सुरुवात टीशर्टवरच झाली आणि तुमच्यासारखेच अनुभव मलाही आले.

टीशर्टचे कापड मागावरचे नसून होजिअरीचे, म्हणजे फासे गुंफून केलेले असते. साधी टोकदार सुई त्या फाशांना टोचते, कापड सुईबरोबर वर उचलले जाते आणि खाली दोऱ्याचा जो फास तयार व्हायला हवा तो नीट होत नाही. मग शटलच्या, म्हणजे खालून दोरा पकडणाऱ्या भागाच्या, टोकाला तो पकडता येत नाही आणि टाका सुटतो. त्यासाठी गोल टोकाची सुई मिळते. ती फाशांना बाजूला सारून आत जाते. नेहमीच्या टीशर्टला ७५/११ क्रमांकाची पुरते. बहुतेक वेळा एवढ्या बदलानेच टाके सुटणे थांबते.

तळाची शिवण तुटली कारण सरळ टीप ताणली जात नाही आणि कापड ताणले जाते. झिगझॅगची रुंदी १ मिलिमीटर आणि लांबी २.५ मिलिमीटर ठेवा. दुरून ती सरळच दिसते आणि कापडाबरोबर थोडी ताणलीही जाते. दोरा सुती न घेता पॉलिस्टरचा घ्या आणि तळाला दोनदा शिवा. लाटा येतात त्या कापड मागून ओढल्यामुळे किंवा फूटचा दाब जास्त असल्यामुळे. तुमच्या मशीनला दाब कमी करण्याची सोय असेल तर ती वापरा, आणि हातांनी कापडाला फक्त दिशा द्या. आलेल्या लाटांवर वाफेची इस्त्री घासू नका, नुसती टेकवून उचला, बऱ्याचशा बसतात.

पिशवीसाठी टीशर्ट कापताना खांद्याची शिवण सोडवू नका. तिथे पुष्कळदा आतून पट्टी घातलेली असते आणि पिशवीचे सगळे वजन नेमके त्याच जागी येते. बाह्या आणि गळा कापा, खांदे हेच पिशवीचे बंद होतात. कापलेल्या कडेला दुमड घातली नाही तरी चालते, कारण हे कापड धागे सोडत नाही. कड फक्त आपोआप गुंडाळली जाते आणि ती छान दिसते. वजनाने पिशवी लांबत जाते, म्हणून ती हवी त्यापेक्षा थोडी आखूड ठेवावी.

जुनीकात्री

विरलेल्या कॉलरचा शर्ट टाकू नका. कॉलर उलटवणे हे फार जुने आणि अतिशय समाधान देणारे काम आहे, आणि त्याला मशीनपेक्षा धीर जास्त लागतो.

कॉलर झिजते ती मानेला घासणाऱ्या घडीवर, आणि तिची खालची बाजू सहसा कोरी राहते. म्हणून कॉलर काढून, वरची बाजू खाली करून, पुन्हा तिथेच बसवायची. तत्पूर्वी खालची बाजू तपासा. टोकांना कडक पट्ट्या सरकवण्याच्या खाचा असतील किंवा कॉलरची टोके बटणाने शर्टावर लावायची असतील तर उलटवल्यावर त्या खाचा अथवा काजे विचित्र दिसतात. असा शर्ट पिशवी-अभ्र्यासाठी ठेवावा. साध्या कॉलरला अडचण नाही.

गळ्याला जोडलेल्या उभ्या पट्टीला स्टँड म्हणतात. स्टँडच्या दोन पदरांच्या मध्ये कॉलर खोचलेली असते. कॉलरचा मध्य आणि स्टँडचा मध्य रंगीत दोऱ्याच्या एकेका टाक्याने खूण करून ठेवा. खडूची खूण इस्त्रीत पुसली जाते आणि टाचणी नेमकी नको तेव्हा गळून पडते. मग कॉलर आणि स्टँड यांच्यामधलीच शिवण उसवा, स्टँड आणि गळा यांच्यामधल्या शिवणीला हातही लावू नका. दर चौथा-पाचवा टाका कापून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढला तर तो सलग निघतो आणि कापडाला इजा होत नाही. जुन्या दोऱ्याचे तुकडे वेचा, कॉलरला इस्त्री करा. घडीवर भोक पडले असेल तर आतून पातळ कापडाचा तुकडा ठेवून बारीक टाक्यांनी पक्के करा. ही बाजू आता खाली जाणार असल्याने ती दिसणार नाही.

कॉलर उलटवून स्टँडच्या तोंडात पूर्वीइतकीच आत सरकवा. आधी मध्य जुळवा, मग दोन्ही टोके, आणि त्यानंतर मधला भाग. हाताने कच्चा टाका घाला, आणि तो घालणे टाळू नका. कॉलर एका बाजूला ३ मिलिमीटर जरी सरकली तरी शर्ट घातल्यावर ते लगेच लक्षात येते. सुईच्या जुन्या छिद्रांची ओळ दिसत असते. ८०/१२ ची सुई आणि साधारण २.५ मिलिमीटरचा टाका ठेवून तिच्यावरूनच टीप मारा. वरचा पदर शिवताना खालच्यापेक्षा किंचित मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे उलटवल्यानंतर टोके थोडी वर वळू शकतात. ओलसर कापड ठेवून खालच्या बाजूने दाबून इस्त्री केली की ती बरीच बसतात.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. ही मंडळी तुम्हाला अभ्रा, चादर, पिशवी सुचवत आहेत, पण तुम्हाला मनापासून हवा आहे तो शर्ट, हे तुमच्या शेवटच्या वाक्यावरून स्पष्ट दिसते. ज्या वस्तूबद्दल जीव तुटतो तिच्यावर हात लवकर बसतो. दोनपैकी जास्त विरलेला शर्ट आधी घ्या.

उरेबपट्टी

हे मान्य आहे, फक्त उसवण्याचा सराव आधी टाकाऊ बाहीच्या कफवर करावा. जीन्स शेवटी ठेवा. तिला १००/१६ ची सुई आणि ३ ते ३.५ मिलिमीटरचा टाका लागतो, आणि जिथे शिवणी एकमेकींवर येतात तिथे फूट पुढून उचलला जातो व टाके गोळा होतात. त्या वेळी फूटच्या मागे तेवढ्याच जाडीचा घडी केलेला तुकडा ठेवला की फूट सपाट राहतो. पायाची नळी गुडघ्याखाली कापली, मूळ दुमडीचे तोंड वर घेतले आणि खाली एक शिवण घातली की बाटलीची पिशवी तयार होते.

कच्चाटाका

सर्वांचे मनापासून आभार. धागा ओढून पाहिला. माझा चौकोन एका टोकाला जवळजवळ दीड सेंटिमीटर तिरका होता. गोल टोकाची सुई लावल्यापासून टीशर्टवर एकही टाका सुटलेला नाही.

कफवर सराव केल्यानंतर काल कॉलर उलटवली. उसवायला सव्वा तास गेला. मध्य जुळला, डावे टोकही जुळले, परंतु उजवीकडे कॉलर स्टँडपेक्षा थोडी जास्त उरते आहे. अजून कच्चाच टाका आहे. जास्तीचा भाग कापून टाकावा का? आणखी एक, याच शर्टाचे कफही विरले आहेत, तेव्हा बाह्या आखूड कराव्यात असा विचार आहे.

जुनीकात्री

कापू मात्र नका. उसवताना स्टँडची कड उजवीकडे दुमडून आत गेली असेल किंवा कॉलर त्या बाजूला हाताळताना ताणली गेली असेल. त्या अर्ध्या भागाचा कच्चा टाका काढा, स्टँडच्या दोन्ही कडा इस्त्रीने मूळ घडीवर आणा, कॉलरवर वाफ द्या आणि टोकाकडून मध्याकडे टाचण्या लावत या. उरलेला फरक लांबीभर थोडा थोडा वाटून घेतला की शिवणीत सहज जिरतो.

बाही मनगटाकडे निमुळती होत जाते. सरळ कापून दुमड आत वळवली तर दुमडीचा घेर कमी पडतो आणि बाहीला चुण्या येतात. म्हणून हव्या त्या लांबीवर खूण करा, त्याखाली ३ सेंटिमीटर सोडून कापा, बाहीची शिवण तेवढ्या भागात उसवा आणि ती खालच्या दिशेने थोडी बाहेर फाकवत पुन्हा शिवा. दुमडल्यावर तिचा घेर वरच्या बाहीशी जुळला पाहिजे. मूळ शिवणीत फाकवण्याइतके मार्जिन नसेल तर दुमड १ सेंटिमीटरचीच ठेवा. एवढ्या अंतरात फरक जाणवत नाही.