उजनीचे मासे, जड धातू आणि गर्भवतीचा आहार: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो आणि दर रविवारी भिगवणच्या बाजारातून उजनी जलाशयाचे मासे आणतो; बहुधा चिलापी, आणि मिळाली तर मरळ किंवा वाम. सूनबाईंना चौथा महिना लागल्यापासून मात्र मला या सवयीची धास्ती वाटू लागली आहे. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते आणि इंद्रायणी तुळापूरला, त्यामुळे पुणे-पिंपरीचे सांडपाणी, त्यात कारखान्यांचेही, शेवटी उजनीतच साठते. आमच्या सौ.चे म्हणणे असे की माहेरी पिढ्यान्‌पिढ्या भीमेचेच मासे खाल्ले गेले. पण तेव्हा नदीकाठी मुलामा देण्याचे कारखाने नव्हते, हे त्यांना पटत नाही.

माझी खरी अडचण हिशेबाची आहे. साधारण माशांसाठी पाऱ्याची भारतीय मर्यादा किलोमागे 0.5 मिलिग्रॅम आहे. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2003 साली मिथाइल पाऱ्याचे (माशांतला बहुतेक पारा याच रूपात असतो) सहन होण्याजोगे साप्ताहिक प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे 1.6 मायक्रोग्रॅम ठरवले. सूनबाईंचे वजन 60 किलो धरले तर आठवड्याला 96 मायक्रोग्रॅम होतात. मर्यादेच्या काठावरचा मासा 200 ग्रॅम खाल्ला, तर एका जेवणातच 100 मायक्रोग्रॅम पारा पोटात जातो. मग ‘मर्यादेत आहे’ या शेऱ्याला अर्थ काय? डॉक्टरांनी ‘मासे खा, मोठे टाळा’ एवढेच सांगितले. प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची झाल्यास नेमके काय मागावे आणि तोवर काय खावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1
आपला गुणाकार बरोबर आहे, परंतु 0.5 हा विक्रीसाठीचा कमाल आकडा आहे, प्रत्येक माशात तेवढा पारा असतोच असे नाही. शेवाळ आणि गाळातील कुजका पाला खाणाऱ्या चिलापीत तो सामान्यतः कमी असतो, तर मासे खाऊन वाढणाऱ्या मोठ्या, वयस्क मरळीत किंवा शिवड्यात साठत जातो. म्हणून या महिन्यांत मरळ थांबवावी. पारा मांसातील प्रथिनांनाच चिकटलेला असल्यामुळे साल काढून, हळद-मीठ लावून किंवा कोकमाच्या पाण्यात ठेवून तो जात नाही. शिसे आणि कॅडमियम यांचे वेगळे आहे: ते कल्ले, यकृत, मूत्रपिंड आणि हाडे यांत अधिक असतात, तेव्हा डोके आणि आतडी टाकून द्यावीत व बारीक मासे काट्यांसकट खाऊ नयेत.

तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, फक्त खाण्याच्या मांसाची आणि ओल्या वजनावर मागावी. पुष्कळ शोधनिबंधांत आकडे कोरड्या वजनावर असतात. माशात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्यामुळे ते चार-पाच पट मोठे दिसतात आणि लोक ते थेट मर्यादेशी ताडून घाबरतात. एकच मासा देऊ नका, एकाच जातीचे निदान पाच-सहा द्या.

प्रतिसाद 2
यात एक भर घालतो. शरीरात लोह कमी असेल तर आतड्यातून शिसे आणि कॅडमियम जास्त शोषले जातात, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे. रक्तातील शिशाची तपासणीही करता येते. मासे पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेत फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटी बाधित मुले जन्मली, हे खरे आहे, पण तिथे एका कारखान्याचा पारा वर्षानुवर्षे थेट खाडीत सोडला जात होता. उजनीत अनेक प्रकारचे सांडपाणी मिसळते, त्यामुळे इथे मोजूनच बोलावे लागेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मी कोरड्या वजनाचेच आकडे मर्यादेशी ताडत होतो, हे आता लक्षात आले. येत्या रविवारी मरळ नाही. सहा चिलाप्या बर्फात घालून प्रयोगशाळेत देतो. नमुना गोठवून दुसऱ्या दिवशी दिला तर चालेल का, एवढे कोणी सांगावे.