जुळ्यांची वार (प्लासेंटा) एकच असेल तर सोनोग्राफीचे हेलपाटे चुकवू नका
ताई, जुळ्यांची वार एकच निघाल्यामुळे दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगितली, हे पैसे काढायचं काम वाटतं असं तुम्ही म्हणताय. तसं नाही बघा. माझ्या धाकट्या जावेचं हेच होतं. गारगोटीहून कोल्हापूरला एसटीनं हेलपाटे घालून ती पार वैतागलेली. पण एकाच वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात. अशा 100 पैकी साधारण 10 ते 15 गरोदरपणांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. देणाऱ्याभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याभोवती नको इतकं साठतं, शिवाय त्याच्या हृदयावर ताण. जावेचं 20व्या आठवड्यात सापडलं. पुण्याला नेऊन दुर्बिणीतून लेसरनं त्या वाहिन्या बंद केल्या. तसंच सोडलं तर बहुतेकदा दोन्ही बाळं हाती लागत नाहीत. लेसरनंतरही दोन्ही वाचतीलच असं नाही. आमच्या दोघी 34व्या आठवड्यात झाल्या, धाकटी 3 आठवडे काचेच्या पेटीत होती. (आता दोघी मिळून घर डोक्यावर घेतात.)

पोट अचानक वाढलं, दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्टही जपून ठेवा. वार एक की दोन, हे 11 ते 14 आठवड्यांतच सगळ्यात नीट दिसतं.