मदत हवी आहे: मधला दांडा नसलेली, देखणी आणि कच्च्या वाटेवर टिकणारी सायकल (नागपूर)

अंबाझरीकरीण

नमस्कार मंडळी. सायकल घ्यायची आहे, पण माझ्या तीन अटी एका सायकलीत काही केल्या बसत नाहीयेत.

पहिली अट म्हणजे मधला दांडा नको. उजवा खुबा आखडलेला आहे आणि मागून टांग टाकली की कळ येते. डॉक्टर म्हणाले सायकल जरूर चालवा, फक्त टांग टाकणं टाळा. शिवाय आठवडाभर कुर्ता, कधी साडी, आणि गोकुळपेठ बाजारातून भाजी आणणं याच सायकलवर होणार. दुसरी अट, रविवारी अंबाझरी जैवविविधता उद्यानातल्या वाटा आणि गोरेवाड्याकडचे मुरमाचे रस्ते झेपायला हवेत. पुढेमागे मोहगाव झिल्पीलाही जायचं आहे. उड्याबिड्या मारायच्या नाहीत. पण गिट्टी, पावसाने पडलेल्या घळी, उतारावरचे सुटे दगड हे आलंच.

तिसरी अट सांगितली की दुकानदार हसतात: दिसायला चांगली हवी. लेडीज म्हटलं की गुलाबी रंग, फुलाफुलांचे स्टिकर आणि पुढे बास्केट. ट्रेल म्हटलं की काळी-पोपटी, आणि दांड्यावर वीज चमकल्यासारखी अक्षरं. मधलं काही नाहीच का? मला साधा एक रंग, तपकिरी सीट, वळणदार नळी एवढंच हवंय. रोज बघायची वस्तू आहे, आवडायला नको?

एक सायकल मनात भरली होती. मलईच्या रंगाची, हँडल मागे वळलेलं. दुकानदाराने चक्कर मारू दिली म्हणून सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली. पॅडलवर उभी राहिले तर हँडल एकीकडे वळतंय आणि सीट दुसरीकडे, असं वाटलं. मडगार्ड आणि टायरमध्ये करंगळीही जाईना. टायरवर २६ × १ ३/८ लिहिलं होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नंतर जाड टायर टाकून देऊ ना, छब्बीस म्हणजे छब्बीस."

तर विचारायचंय ते असं. दांडा खाली असला की फ्रेम लवतेच का, की ती एकच सायकल तशी होती? जाड टायर खरंच बसेल? आणि गिअर किती लागतील? उंची ५ फूट ३ इंच, बजेट २५ हजार, फार तर ३०. "त्यापेक्षा स्कूटी घ्या" हे घरून ऐकून झालंय, तेवढं सोडून काहीही सांगा.

चेनऑइल

ताई, तो दुकानदार काही बी सांगून राहिला. छब्बीस म्हणजे छब्बीस नसतेच! टायरच्या कडेला बारीक अक्षरात दुसरा आकडा असते, तो पाहा. २६ × १ ३/८ च्या रिमवर ५९० चा (म्हणजे रिमचा व्यास ५९० मिलिमीटर) टायर बसतो. माउंटन बाइकचा २६ × १.९५ असते ५५९ चा. रिमच्या व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक आहे, तो टायर त्या रिमवर चढणारच नाही. आणि ५९० मध्ये गोट्यांचा (उंचवटे असलेला) जाड टायर शोधाल तर इकडे मिळणं कठीण. म्हणून आधी रिम पाहा, रंग मग.

लवण्याचं म्हणाल तर तुमचा अंदाज बरोबर आहे. नेहमीच्या फ्रेममध्ये वरची नळी, खालची नळी आणि सीटची नळी मिळून त्रिकोण होतो. त्रिकोण पिळत नाही. वरची नळी खाली आणली की तो त्रिकोण चपटा होतो, मग हँडलची बाजू आणि सीटची बाजू एकमेकींपासून पिळतात. उभं राहून पॅडल मारताना हेच कळते. कंपनीवाले यावर खालची नळी जाड करतात नाहीतर जोडावर आडवी पट्टी देतात, त्यात वजन वाढते. म्हणून दुकानात एक करून पाहा: हँडल आणि सीट धरून सायकल थोडी कलती करा आणि खालच्या पॅडलवर पायाने बाजूने दाबा. नळी डोळ्यांना हलताना दिसली तर सोडून द्या, कितीही सुंदर असो.

तुमच्या कामासाठी वरची नळी पूर्ण खाली नसलेली, तिरकी उतरणारी फ्रेम पाहा. जुन्या फ्रेंच सायकलींत मिक्स्त म्हणून प्रकार होता. हँडलखालून दोन बारीक नळ्या सरळ मागच्या चाकाच्या आसापर्यंत जायच्या. कमी पिळते आणि दिसते काय बाप्पा! नवीन मिळणं मुश्किल, पण हायब्रिड (रस्त्याची आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या) सायकलींच्या 'लो फ्रेम' मध्ये तशीच चाल असते.

मृण्मयी_सदर

मी थोडं वेगळं सांगते. ट्रेल हा शब्द नक्की कशासाठी वापरताय ते आधी ठरवा. सायकलीच्या मॅन्युअलमध्ये वापराचा वर्ग दिलेला असतो (एएसटीएम एफ२०४३ हे मानक). वर्ग १ म्हणजे डांबरी रस्ता. वर्ग २ मध्ये खडीचा रस्ता आणि १५ सेंटिमीटरपर्यंतचे आपटे. वर्ग ३ मध्ये खऱ्या डोंगरवाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या. तुम्ही लिहिलेलं सगळं वर्ग २ मध्ये येतं. त्यासाठी सस्पेन्शनवाल्या चिमट्याची (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) अजिबात गरज नाही. या बजेटमधला सस्पेन्शन चिमटा जड असतो आणि दोन पावसाळ्यांत गंजून ताठ होतो. साधा स्टीलचा चिमटा आणि जाड टायर घ्या.

मात्र दांडा खालीच हवा का? लहान मापाच्या माउंटन बाइकचा दांडाही बराच उतरता असतो. सायकल आपल्याकडे कलती धरली की पाय सहज पलीकडे जातो. अशा सायकली भरपूर मिळतात आणि फ्रेमही ताठ असते.

अंबाझरीकरीण

मृण्मयीताई, करून पाहिलं. कलती धरूनही पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागतो आणि तिथेच कळ येते. साडीत तर प्रश्नच नाही. लो फ्रेमच पाहते. वर्गाचं मात्र कोणीच सांगितलं नव्हतं, मॅन्युअल मागते.

चेनऑइल भाऊ, गिअरचं राहिलं.

चेनऑइल

गिअर मोजू नका, दात मोजा. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्याइतके किंवा कमी पाहिजेत, म्हणजे पुढे ३२ असेल तर मागे ३४. मग बसूनच चढ चढता येते, उभं राहायचं काम नाही, आणि लो फ्रेमला तेच बरं. २१ गिअरवालीत मागचं मोठं चक्र २८ चं असलं तरी पुढे २८ दिसलं की झालं.

मागे वळलेलं हँडल बाजारासाठी मस्त, पण चढावर वजन मागे जाते आणि पुढचं चाक हलकं होऊन भरकटते. थोडंसंच वळलेलं घ्या. सीट तपकिरी नंतर बसवता येते, हँडलचे ग्रिपही. रूप असंच आणायचं, फ्रेम साधी एकरंगी पाहून.

काटेकोर

कोणी बाभळीबद्दल बोललंच नाही! गोरेवाडा असो की अंबाझरी, कच्च्या वाटेवर काटे पडलेलेच असतात. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव) घाला. त्यासाठी व्हॉल्व्हची आतली सुई निघणारी हवी, मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची निघते. आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, मे महिन्यात पुन्हा भरावं लागतं. दोन इंची टायरला मुरमावर ३०-३५ पीएसआय हवा पुरे. दुकानवाले दगडासारखी भरून देतात, मग हाडं खिळखिळी होतात.

आणि पावसाळ्यात मुरमावरच राहा. काळ्या मातीत शिरलात तर मडगार्डमध्ये चिखल गच्च भरून चाक फिरणंच बंद होतं. टायर आणि मडगार्डमध्ये आडवं बोट सहज फिरेल एवढी जागा पाहा.

झिल्पीला कारने नेणार असाल तर मागच्या डिक्कीवरचा कॅरिअर वरच्या दांड्याला पकडतो. दांडा नसला की सीट आणि हँडलमध्ये लावायची जोडनळी वेगळी घ्यावी लागते.

अंबाझरीकरीण

बाभूळ! दर रविवारी दिसते आणि यादीत नव्हती.

काल आणखी दोन दुकानं पाहिली. एक लो फ्रेम हायब्रिड सापडली. गडद हिरवी, ७०० × ३८ टायर, पुढे ३८ आणि मागे ३४, साधा चिमटा. हँडल आणि सीट धरून पॅडल बाजूने दाबलं, फ्रेम ढिम्म. दुकानदार विचारत होता, मॅडम काय करून राहिल्या. दातांचं गणित मात्र जमत नाही. पुढचं चक्र ३२ चं बदलून मिळेल का, आणि चेन कापावी लागेल का? कोणी केलंय?

चेनऑइल

चक्र बोल्टवर असेल तर बदलते, रिव्हेट मारलेलं असेल तर पूर्ण क्रँक (पॅडल ज्याला लागतात तो दांडा, चक्रासकट) बदलावा लागेल. चेनच्या तीन-चार कड्या काढाव्या लागतील. फोटो टाका, सांगतो.