'माय कॉम्प्युटर उघड' म्हणाले, पण तो माझा नव्हताच! तुमचे पण घोळ लिहा

माडाखालची
काल आई फोन घेऊन आली, "ब्राऊझर म्हणजे काय गो? हा म्हणतो डिफॉल्ट ब्राऊझर निवड." मी तोंड उघडलं आणि गप्प. वीस वर्षं ऑफिसात दिवसभर तेच उघडून बसते, पण सांगता येईना. शेवटी म्हटलं, इंटरनेट म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार समज, ब्राऊझर म्हणजे तुला तिथं नेणारी बस. गूगल सर्च म्हणजे बस नव्हे हं, तो कोपऱ्यावर उभा असतो ना, मिरच्या खंय विचारलं की बोट दाखवतो, तो. आई म्हणाली मग बस कुठलीही चालेल, निवडायचं काय त्यात! आणि बरोबरच आहे की.

त्यावरून माझं आठवलं. १९९९, बारावीची सुट्टी, म्हापशालाच क्लास. चपला बाहेर, आत एसी, कॉम्प्युटरवर कव्हरं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले "माय कॉम्प्युटर उघड" आणि मी उभी राहून, "सर, माझा नाय, क्लासाचो." शिवाय खाली वाकून डब्याचे स्क्रू कुठे ते पण बघत होते. स्क्रीनवर त्या नावाचं चित्र असतं हे सांगायला नको का कुणी आधी?

तुमचं पण लिहा, मला एकटीला हसू नका.

शिरवडो
हहपुवा 😂 स्क्रू!!

चपलांवरून, आमच्या शाळेत सांगायचे धुळीने व्हायरस येतो. मी पावसात ओल्या पायांनी आत गेलो आणि दुसऱ्या दिवशी तीन मशीन बंद. अख्ख्या वर्गाने माझ्याकडे बघितलं. व्हायरस आलेला कुणीतरी फ्लॉपीत गेम आणला त्यातून, तो पण एक प्रोग्रामच असतो, हे मला कॉलेजात कळलं. तोपर्यंत मी स्वतःला अपराधी समजायचो.

बोटवाल्याची लेक
आमच्याकडे डायल-अप. नवीन लोकांना सांगते, मॉडेम आणि घरचा फोन एकाच तारेवर, नेट चालू म्हणजे फोन एंगेज. बाबा बोटीवर असायचे, बंदराला लागले की फोन करायचे, महिन्याकाठी एकदा दोनदा. आणि मी चॅटवर बसलेली. दीड तास ते लावत होते. शेवटी शेजारच्या काकूंकडे फोन केला, काकू धावत आली, तोवर ते परत बोटीवर. आई मला काही बोलली नाही, फक्त तार काढून कपाटात ठेवली.

कनेक्ट होताना तो किर्र कूं असा आवाज यायचा ना, अजून कुठे ऐकला की पोटात गोळा येतो.

शिरवडो
@बोटवाल्याची लेक 😔 आमचे पण बोटीरच होते. कळलं.

कार्बनकाका
मी निवृत्त माणूस, पणजीला कचेरीत टंकलेखक होतो. ९६-९७ ला कॉम्प्युटर आले तेव्हा पोरं घाबरली, मी नाही. कारण कळफलक बघितला तर सगळी आपलीच माणसं. शिफ्ट का म्हणतात ठाऊक आहे? जुन्या मशीनवर ती दाबली की आतली अक्षरांची टोपली खरोखर सरकायची, काही मशीनींवर कागद धरणारा गाडाच वर उचलायचा. एंटरला रिटर्न म्हणायचे कारण ओळ संपली की गाडा हाताने परत आणायचा. टॅब म्हणजे टॅब्युलेटर, तक्ते टंकायला. ईमेलातलं सीसी म्हणजे कार्बन कॉपी, हे आमच्या साहेबाला मी सांगितलं, तो समजत होता काहीतरी सायन्स आहे! बीसीसी, म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, तर आम्ही रोज करायचो. वरची मूळ प्रत काढून घ्यायची आणि तिसऱ्याचं नाव फक्त खालच्या प्रतीवर टंकायचं, म्हणजे पहिल्याला पत्ताच नाही की अजून कुणाला गेलं. कचेरीतली निम्मी भांडणं तिथूनच.

फसलो तो बॅकस्पेसवर. टंकयंत्रावर बॅकस्पेस म्हणजे एक घर मागे, बस. अक्षर तिथंच राहतं, खोडायला रबर वेगळं. इथं दाबलं आणि अक्षर गायब. मी परत टंकलं, परत मागे गेलो, परत गायब. अर्धा तास मशीन माझं काम खातंय म्हणून तक्रार करत होतो. लेखी.

माडाखालची
काका, लेखी तक्रार कशावर टंकली?? 😄

कार्बनकाका
टंकयंत्रावर. दोन प्रतींत.

साळ नदीकाठी
काका _/\_

उंडा आणि चाय
विंडोज ९८ वर मधेच पाटी यायची, प्रोग्रामने इल्लीगल ऑपरेशन केलंय आणि बंद होणार. माझे बाबा सरकारी नोकर, आयुष्यात सिग्नल तोडला नाही, त्यांनी इल्लीगल एवढंच वाचलं, प्लग काढला, दार लावलं, मला विचारतात काय बघत होतास खरं सांग, आणि मी पेंटमध्ये सूर्य डोंगर काढत होतो हो, ते मानायलाच तयार नाहीत. प्रोग्राम गडबडला एवढाच अर्थ त्याचा.

साळ नदीकाठी
सायबरएज योजनेत अकरावीला गोवा सरकारचा कॉम्प्युटर घरी आला तेव्हा दसऱ्याला कीबोर्डावर झेंडू ठेवलेला. पण मुद्दा रॅमचा. जून महिना, प्रोजेक्टची चौदा पानं टाईप केली, सेव्ह कसलं करतोय, धडाम्, गेली लाईट. भाऊ म्हणाला अरे रॅम म्हणजे रांधणीतला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा, तू सगळं ओट्यावरच पसरून ठेवलेलंस. लाईट गेली की ओटा साफ. तेव्हापासून दर दोन ओळींनी कंट्रोल एस. आता फोनवर मेसेज लिहिताना पण बोट कंट्रोल शोधतं.

नाटकवेडा पेडणे
जत्रेच्या नाटकाचं हँडबिल आम्ही घरी मराठीत टाईप केलं, फ्लॉपीवर घातलं, छापखान्यात उघडलं तर नुसतं इंग्रजी कचरा, मधे डॉलर, मधे टक्के. आम्हाला वाटलं फ्लॉपी खराब. परत आणलं, घरी व्यवस्थित! तीन फेऱ्या झाल्या बसने. तो फॉन्ट त्यांच्या मशीनवर नव्हता. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनींवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, त्याच्या आधी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठी चेहरा चढवलेला, मुखवटा नसला की खालचा माणूस दिसणार. आम्ही नाटकवाले असून आम्हाला हे उशिरा कळलं. राजाची भूमिका करणाऱ्याचं नाव शेवटी हाताने लिहिलं.

शिरवडो
फ्लॉपी १.४४ एमबीची ना, आता मोबाईलवरचा एक फोटो मावणार नाही तिच्यात. आणि माझा पुतण्या सेव्हचं चित्र, ते फ्लॉपीचंच असतं ना, बघून विचारतो, काका हे काय, फ्रीज?

वैतागलेला फोंडेकर
विषयाला धरून नाही पण विचारतो, १०० एमबीपीएसचे पैसे भरतो, डाऊनलोड १२ च दाखवतो. केबलवाल्याशी काल कडाक्याचं भांडलो.

साळ नदीकाठी
एमबीपीएसमधला बी बिटचा हो. आणि डाऊनलोडमध्ये दिसतात ते बाईट. आठ बिटांचा एक बाईट, १०० ला ८ ने भागा, साडेबारा. केबलवाला खरं बोलत होता.

वैतागलेला फोंडेकर
अरे देवा. मी त्याची आई काढली.

माडाखालची
😂😂 चवथीला नेवऱ्या नेऊन द्या त्याला

बोटवाल्याची लेक
माझी आजी. ओटीपी कुणाला सांगायचा नाही असं मीच शिकवलं. काल तिचाच पेन्शनचा फॉर्म भरत होते, म्हटलं आजी आकडा सांग. फोन पदरात घेऊन बसली. "तूच म्हणालीस ना." शेवटी तिने स्वतः टाईप केला, एका बोटाने, तोवर वेळ संपली. तीनदा.

उंडा आणि चाय
आजी बरोबर आहे!!

वैतागलेला फोंडेकर
नेवऱ्या चण्याच्या डाळीच्या की खोबऱ्याच्या?

कार्बनकाका
आई काढली म्हणता, दोन्ही न्या.